मोरीमागचा चमकुरा

मैनोद्दीन जहाजावर स्वयंपाकी.
नऊ महिने समुद्रावर भात शिजवतो,
तीन महिने गावी येऊन झोपतो.
यंदा आला, तो बॅगही न उघडता माझ्या मोरीमागं जाऊन बसला,
चमकुऱ्याच्या पानावरून हात फिरवत म्हणाला,
"दिगू, हा तिकडं माणसाचा थोरला भाऊ आहे."

तिकडं म्हणजे हवाई बेटांवर.
इंजिन बिघडलं, सतरा दिवस बंदरात अडकले,
तर हा एका म्हाताऱ्याच्या खाचरात जाऊन राबला.
गुडघाभर वाहतं पाणी, त्यात चमकुराच चमकुरा.
वरून ओढ्याचं पाणी आत घ्यायचं,
कंदांच्या पायाशी फिरवायचं,
आणि खालच्या तोंडानं ओढ्याला परत करायचं.
खाली दुसऱ्याचं खाचर असतं.
"आणि मधल्यानं अडवलं तर?" यानं विचारलं.
म्हाताऱ्याला म्हणे आधी प्रश्नच कळला नाही.

मी गावचा वॉलमन.
मुखेडच्या पुढं, मन्याडच्या अलीकडं आमचं गाव.
खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी,
आठवड्यातून दोनदा पहाटे चारला निघायचं:
आधी वरची गल्ली, मग पेठ, मग कोमटी गल्ली,
मग आमचा कुंभारवाडा,
आणि उरलं तर भीमनगर.
तिथवर पोचतं तेव्हा नळात नुसती हवा असते,
शिट्टी वाजते.
बाया म्हणायच्या, "आली बघा दिगूची गाडी,
पण डबे कशानं भरायचे?"
मीही हसायचो. एकोणीस वर्षं हसलो.
हा क्रम कुठंच लिहिलेला नाही, मी शोधला.
चावीला पडलेलं वळण, बस.

मैनोद्दीन म्हणाला, पाण्याला ते वाय म्हणतात.
तेच दोनदा म्हटलं, वायवाय,
की अर्थ होतो संपत्ती.
मी म्हणालो, आपल्यात दोनदा म्हटलं,
पाणी पाणी,
की अर्थ होतो मे महिना.

तो हसला नाही. म्हणाला, आणखी एक शब्द आहे त्यांचा,
हक्क आणि जबाबदारी दोन्हीला मिळून एकच.
जिभेवर काही नीट बसला नाही त्याच्या.
मी रात्री आपल्यातला शोधत पडलो.
वाटा म्हणावं, तर तो मागायचा असतो.
पाळी म्हणावी, तर ती यायची असते.
उचलायचा असा शब्द सापडेना.
भिंतीला टेकून चावी उभी होती.

शुक्रवारी मी शेवटापासून सुरू केलं.
भीमनगरचा वॉल गंजलेला,
इतक्या दाबाची त्याला सवय नव्हती.
पहिल्या पिळाला किंचाळला, मग लाल आलं,
मग मातकट, मग
सरजाबाई दात घासता घासता तशीच उभी राहिली.

उजाडता तिडके गुरुजी सायकल घेऊन हजर.
"दिगंबर, रीत मोडलीस."
"कामून गुरुजी? येतंय की पाणी. तासभर मागं."
त्यांच्या गच्चीवर दोन हजाराची टाकी आहे,
दर वेळी भरून ओसंडते,
पन्हळीखालच्या भिंतीवर पोपटी शेवाळ आहे.
मी ते बोललो नाही. बोलायला हवं होतं.
आता पंचायतीत अर्ज पडलाय, सह्या एक्केचाळीस.
चावी राहते का जाते, बघू.

त्या दिवशी मात्र सरजाबाईनं तीन घागरी भरल्या,
नळाच्या तोंडावर पंजा दाबून धरला
आणि पलीकडं हाक दिली,
"सुमन, मला पुरलं. लाव तुझी."

मैनोद्दीन गेला.
दोन कंद नेणार होता, विमानावर नेऊ देत नाहीत,
म्हणून जायच्या आदल्या सांजेला भीमनगरच्या नळाखाली,
जिथं सांडतं, तिथं पुरले.
एक कुजला. एकाला पान फुटलंय, मुठीएवढं.
पण आता तिथं कुणी थेंब सांडू देत नाही,
तर सरजाबाई आपली भांडी तिथंच आणून घासते.
म्हणते, थोरला आहे ना,
आधी त्याला.